सिलॅबसमध्ये 'कॉपी चालणार नाही' एवढं लिहून भागत नाहीये – मसुदा वाचून सांगाल का?

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांब झालाय, सांभाळून घ्या.

मी एका तालुक्याच्या गावातल्या ऑटोनॉमस कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. ऑटोनॉमस झाल्यापासून इंटर्नलचे ४० मार्क आमच्या हातात आले, सिलॅबस पण बऱ्यापैकी आम्हीच लिहून बोर्ड ऑफ स्टडीजपुढे ठेवतो. आता नवीन सत्राआधी माझ्या पेपरचा कोर्स प्लॅन द्यायचाय आणि त्यात एक रकाना आहे, 'शैक्षणिक सचोटी'. गेल्या वर्षी त्यात मी एकच ओळ लिहिली होती, 'वाङ्मयचौर्य अथवा गैरप्रकार आढळल्यास नियमानुसार कारवाई करण्यात येईल'. ही ओळसुद्धा मी दुसऱ्या पेपरच्या प्लॅनमधून उचललेली. हसू नका.

तर झालं काय, सेकंड इयरला मी आठवडे बाजाराचा सर्व्हे दिला होता. प्रत्येकाने २० विक्रेत्यांना भेटायचं, माल कुठून आणता, उधारी किती, बाजारकराची पावती किती असं विचारायचं आणि मग अहवाल लिहायचा. फायली आल्या. तपासताना एका गठ्ठ्यात नऊ फायलींवर सर्व्हेची तारीख मंगळवारची. आमच्याकडे बाजार शनिवारी भरतो हो, मंगळवारी त्या मैदानात पोरं क्रिकेट खेळतात. मग नीट बघितलं तर नऊही जणांच्या मिरचीवाल्या मावशी ४३ वर्षांच्या, नऊही जणींना दोन मुलं आणि नऊही जणी 'खर्च वजा जाता समाधानी'.

बोलावलं सगळ्यांना. मला वाटलं होतं माना खाली घालतील. त्यातला एकजण अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही कुठून छापलं नाही. मनानेच लिहिलंय." आणि त्याला खरंच वाटत होतं की हा बचाव आहे! दुसरी म्हणाली, वाङ्मयचौर्य मराठी डिपार्टमेंटला असतं ना, आपला विषय तर इकॉनॉमिक्स आहे. मी दोन मिनिटं गप्पच बसले.

मग परीक्षा विभागात गेले तर तिथे विचारलं, 'नियमानुसार' म्हणजे कुठल्या नियमानुसार? घरी येऊन यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे वाङ्मयचौर्याचे रेग्युलेशन्स पहिल्यांदा नीट वाचले, तर त्यात व्याख्येतच लिहिलंय की असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, उत्तरपत्रिका हे सगळं यातून वगळलंय. म्हणजे मी ज्या नियमाचा धाक दाखवत होते तो माझ्या पोरांना लागूच नव्हता. शेवटी नऊ जणांना परत बाजारात पाठवलं, त्यावर एका पालकांनी येऊन 'हे आधी सांगायला हवं होतं' असं सुनावलं, आणि खरं सांगू का, मला उत्तर देता आलं नाही.

या वेळी नीट लिहायचं ठरवलंय. पहिला मसुदा असा आहे:

'सर्व लेखन विद्यार्थ्याचे स्वतःचे असावे. इंटरनेट, एआय, मागील वर्षांचे प्रोजेक्ट किंवा वर्गमित्रांची मदत घेऊ नये. १० टक्क्यांपेक्षा जास्त साम्य आढळल्यास शून्य गुण देण्यात येतील. प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर प्रामाणिकपणाचे प्रतिज्ञापत्र सही करून जोडावे.'

काय वाटतं?

अर्धाचहा | रविवार, रात्री ११:५२

रुमाल टाकून जागा धरून ठेवतो, सविस्तर नंतर. 'मनानेच लिहिलंय' __/\\__

निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी ६:१५

ताई, तळमळ पोचली. मी ३४ वर्षं शिकवलं, भरारी पथकात पण होतो. आमच्या वेळी परीक्षा हॉलबाहेर १९८२ च्या गैरप्रकार प्रतिबंध कायद्याची सूचना लावलेली असायची, पोरं ती वाचून निदान खिसे तरी रिकामे करायची. तुमचा मसुदा मला आवडला, फक्त शिक्षा कमी आहे. शून्य मार्क म्हणजे काय, एटीकेटी देऊन सुटतात. नाव बोर्डावर लावा.

शेवटचा_बाक | सोमवार, सकाळी १०:३०

मी थर्ड इयरला आहे (बीएस्सी, दुसऱ्या जिल्ह्यात), मास्तर काकांबद्दल आदर आहे पण बोलू का थोडं.

अकरावीत फिजिक्सच्या पहिल्या प्रॅक्टिकलला पेंड्युलमवरून जी (गुरुत्वीय त्वरण) काढायचा होता. माझा आला ९२० च्या आसपास. सर म्हणाले असं कसं, ९८० आलं पाहिजे, बस परत. मागच्या बाकावरच्या सीनियरने सांगितलं वेडा आहेस का, उत्तर ९८० धर आणि रीडिंग उलटं काढ. काढलं, सरांनी सही केली, वर 'गुड' लिहिलं. त्यानंतर पाच वर्षांत मी एकही रीडिंग सुलटं काढलेलं नाही. जर्नल तर आम्ही मागच्या बॅचचं बघूनच उतरवतो, आणि ते सरांना माहीत असतं, तेच सांगतात ना अमक्याचं जर्नल घे, चांगलं आहे.

म्हणजे त्या नऊ जणांनी बाजाराचं जे केलं ते आम्हाला आधीच शिकवलेलं आहे. तुमच्या मसुद्यात 'स्वतःचं लिहा' असं आहे, पण त्यांनी स्वतःचंच लिहिलं होतं की. खोटा डेटा हा शब्दच कुठे नाही त्यात.

अजून एक, वर्गमित्रांची मदत घेऊ नये हे वाक्य वाचून वर्गात हशा पिकेल. आमच्या रूमवर चौघांत एक लॅपटॉप आहे, फाईलच्या प्रॉपर्टीत चौघांच्या असाइनमेंटला एकाचंच नाव येतं, त्यावरून एकदा चौघांना उभं केलं होतं. काहीच केलं नव्हतं आम्ही.

जर्नलवाला | सोमवार, दुपारी १:०५

शेवटचा_बाक, अगदी अगदी. बॅच २००४, आम्ही पण जी उलटाच काढायचो.

अवांतर: मुंबईला कॉमर्सच्या प्रोजेक्टचं काळं बाइंडिंग करतात ना, ब्लॅक बुक, ते स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळायचं, फक्त नाव आणि रोल नंबर बदलायचा. माझ्या मित्राने आभाराचं पान बदललंच नाही. त्यात ज्या मॅडमचे 'मौलिक मार्गदर्शनाबद्दल' आभार मानले होते त्या दोन वर्षांपूर्वीच रिटायर झालेल्या. व्हायवाला एक्स्टर्नलनी फक्त तेवढंच पान वाचलं.

कार्डकॅटलॉग | सोमवार, दुपारी ३:४८

मी ग्रंथपाल आहे, पीएचडीचे प्रबंध साम्य तपासायच्या सॉफ्टवेअरमधून काढून द्यायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे त्या १० टक्क्यांबद्दल बोलतेच.

१० टक्के हा आकडा यूजीसीच्या २०१८ च्या नियमातला आहे. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, १० ते ४० असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष थांबायचं, ६० च्या वर नोंदणीच रद्द. पण त्यातसुद्धा अवतरणचिन्हात नाव देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार वगैरे वगळून मोजायचं असतं, आणि १४ सलग शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळलेले शब्द धरायचे नसतात. सेकंड इयरच्या आठ पानी फाईलला हे लावणार कसं? बाजाराची व्याख्या सगळ्यांनी क्रमिक पुस्तकातून घेतली की १५ टक्के तिथेच झाले.

दुसरं म्हणजे तुमची पोरं मराठीत लिहितात ना? मग तर विसराच. अजूनही कितीतरी डीटीपीवाले युनिकोड सोडून श्रीलिपी नाहीतर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. ती फाईल सॉफ्टवेअरला मराठी म्हणून दिसतच नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. माझ्याकडे एक प्रबंध ० टक्के आला होता, गाइड खूश. युनिकोडमध्ये बदलून परत टाकला तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. आकडा काय तो सांगणार नाही.

थोडक्यात, टक्के लिहू नका. टक्के म्हणजे साम्य, चोरी झाली का ते माणसानेच वाचून ठरवायचं असतं.

टिचकी | सोमवार, दुपारी ४:२०

आधी प्राध्यापकांच्या पीएचड्या तपासा, मग पोरांच्या फायली. सातव्या वेतन आयोगासाठी छापलेले पेपर कुठल्या जर्नलमध्ये आलेत ते बघितलं तर झाकली मूठ राहू द्या म्हणाल.

पाटीपेन्सिल | सोमवार, संध्याकाळी ७:१०

टिचकी, बोचलं, पण चुकीचं नाही. मी तर सचोटीची ओळच ढापली होती.

शेवटचा_बाक, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. खोटी माहिती हा शब्द माझ्या डोक्यातच आला नव्हता, मी सगळं 'कॉपी' या एका शब्दात कोंबत होते. लॅपटॉपचं पण लक्षात आलं. कार्डकॅटलॉग, टक्के उडवले.

मास्तर, नाव बोर्डावर नाही लावणार हो. गाव लहान आहे, मुलीचं नाव बोर्डावर लागलं तर पुढच्या वर्षी तिची फी भरली जाईलच असं नाही.

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री ९:३०

हे मात्र खरं. बोर्डाचं मागे घेतो.

न्यूजर्सीकर | मंगळवार, सकाळी ७:५५

इकडे एका कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्सचे दोन सेक्शन घेतो, पार्टटाइम. इकडे सिलॅबस बारा-चौदा पानी असतो आणि पोरं तो वकिलासारखा वाचतात, 'सिलॅबसमध्ये नव्हतं' म्हटलं की मास्तर गार. म्हणून सगळेच इंटेग्रिटीचा परिच्छेद घालतात, आणि तुमच्यासारखाच बहुतेक जण तो कॉलेजच्या वेबसाइटवरून चिकटवतात, त्यामुळे तोही कोणी वाचत नाही. फार काही वेगळं नाहीये.

मला उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा. प्रत्येक होमवर्कच्या डोक्यावरच लिहितो, 'एकट्याने' किंवा 'बोला एकत्र, लिहा वेगळं' किंवा 'गटाने, एकच उत्तर'. बस. आपल्याकडून एमएसला आलेली पोरं पहिल्याच सेमिस्टरला अडकतात ती इथेच. व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडवलेला प्रश्न टाकणं आपल्याकडे मैत्री, इकडे नोटीस. एक पुण्याची मुलगी रडत आली होती, तिला कळतच नव्हतं की तिने *दिलं* होतं, घेतलं नव्हतं, तरी तिचं नाव कसं. व्हिसाची धास्ती वेगळीच.

एआयचं म्हणाल तर सरसकट बंदी घालून पकडणार कशाने? ओपनएआयने स्वतःचंच एआय ओळखायचं टूल अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. टर्निटिन या कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचं एप्रिल २०२३ मध्ये आलं, व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्टमध्ये बंदही केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी अशी सात टूल्स घेऊन इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध तपासले, माणसांनी लिहिलेले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध मशीनने लिहिलेत असा निकाल आला. साधं, मोजक्या शब्दांतलं इंग्रजी म्हणजे मशीन, असा त्यांचा हिशोब. इंग्रजीत ही गत, मराठीचं तुम्हीच बघा.

अर्धाचहा | मंगळवार, सकाळी ११:१५

रुमाल उचलतो. प्रतिज्ञापत्रावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय.

२०१२ मध्ये पीएनएएस या अमेरिकन विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता, फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी वर, सुरुवातीलाच घेतली तर लोक कमी खोटं बोलतात. जगभर गाजला. मग २०२० मध्ये त्याच लेखकांनी परत प्रयोग केले तर तसं काही दिसेना. २०२१ मध्ये तर तो निबंध मागेच घ्यावा लागला, कारण त्यातल्या एका प्रयोगाचा डेटाच बनावट निघाला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनात! म्हणजे त्यांच्याही मिरचीवाल्या मावशी ४३ वर्षांच्याच.

सही घ्यायची तर घ्या, पण पोरांनी आजवर इतक्या बॉंडांवर, अँटी-रॅगिंगच्या फॉर्मवर न वाचता सह्या केल्यात की अजून एक काय.

जर्नलवाला | मंगळवार, सकाळी ११:३१

मावशी 😂😂 मेलो

ओसरी | मंगळवार, दुपारी २:४०

मी ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवतो. भाषेबद्दल एवढंच सांगतो की 'देण्यात येईल', 'करण्यात येईल' काढा. कोण देणार, कोण करणार? 'मी' लिहा. 'मी तुम्हाला बोलावून विचारेन.' कर्मणी प्रयोगात लिहिलेल्या नोटिशीखाली आपल्याकडे कोणी उभं राहत नाही हे पोरांना पाचवीपासून माहीत असतं. आणि 'शैक्षणिक सचोटी' रकान्यात राहू द्या, पण खाली छापणे, उतरवणे, फाईल मागणे हेच शब्द वापरा. पोरं ज्या शब्दात ते काम करतात त्याच शब्दात नको म्हणा.

पाटीपेन्सिल | बुधवार, रात्री १२:२०

झोप येईना म्हणून नवीन लिहून काढलं. सगळ्यांचं थोडं थोडं घेतलंय. फक्त बाजाराच्या सर्व्हेचं टाकते, बाकी तीन कामांचं वेगळं लिहीन, कारण एकच परिच्छेद सगळ्याला लागू होत नाही हे पटलं. लेखी टेस्ट एकट्याने, त्यात बोलण्यासारखं काही नाही, दोन ओळी पुरतात.

'बाजारात दोघं-तिघं मिळून जा, हरकत नाही. पण विक्रेते प्रत्येकाचे वेगळे. २० भेटले नाहीत, १३ च भेटले, तर १३ लिहा आणि बाकीचे का भेटले नाहीत ते दोन ओळींत सांगा, त्याचे मार्क मी कापणार नाही. न भेटलेल्या माणसाचं उत्तर लिहिणं ही खोटी माहिती. ती कुठून छापलेली नसली, मनाने लिहिलेली असली तरी खोटीच. बाजारात बसून पेनाने भरलेले कच्चे कागद फायलीला जोडा, चुरगळलेले, हळद लागलेले चालतील.

अहवाल एकमेकांशी बोलून समजून घ्या, लिहायला वेगळे बसा. लॅपटॉप एकच असेल तर तसं मला आधी सांगा. विश्वकोश, विकिपीडिया, क्रमिक पुस्तक काहीही वाचा, ज्याचं वाक्य घेतलं त्याचं नाव तिथल्या तिथे लिहा. मागच्या वर्षीची फाईल बघितली तर बघितली म्हणून लिहा, उतरवू नका. चॅटजीपीटीला शब्दाचा अर्थ विचारा, इंग्रजी लेख समजून घ्या, शुद्धलेखन तपासा, आणि कशासाठी वापरलं ते शेवटी एका ओळीत सांगा. परिच्छेद त्याच्याकडून लिहून घेतलेले मी घेणार नाही. त्याला आपला बाजार कुठल्या मैदानात भरतो ते माहीत नाही.

मला शंका आली तर मी टक्के दाखवणार नाही. समोर बसवून दहा मिनिटं तुमच्या बाजाराबद्दल विचारेन. चूक निघाली तर पहिल्यांदा सात दिवसांत काम पुन्हा नव्याने करायचं आणि मार्क जास्तीत जास्त निम्मे. दुसऱ्यांदा त्या कामाला शून्य, आणि विभागप्रमुखांना मी लेखी कळवेन. स्वतःची फाईल उतरवायला देणाऱ्यालाही हेच. माझं म्हणणं पटलं नाही तर विभागप्रमुखांकडे जा, त्यापुढे कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे.'

शेवटचा_बाक | बुधवार, सकाळी ९:०५

१३ भेटले तर १३ लिहा हे वाक्य आमच्या सरांनी ९२० ला म्हटलं असतं तर.

एक शंका. फाईल देणाऱ्याला पण तीच शिक्षा म्हणताय, पण आमच्याकडे फाईल न विचारता पण नेतात, बॅगेतून काढून. मग?

पाटीपेन्सिल | बुधवार, सकाळी ९:२०

'जाणूनबुजून देणाऱ्यालाही' करते. थँक्यू.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी १०:००

वाचलं. आमच्या नियमांपेक्षा लांब आहे, पण यातलं प्रत्येक वाक्य तुम्ही स्वतः पाळू शकाल असं वाटतं. 'नियमानुसार कारवाई' आम्ही कधीच पाळू शकलो नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही. फक्त दहा मिनिटं गुणिले ६४ पोरं एवढा हिशोब करून ठेवा.

पाटीपेन्सिल | बुधवार, दुपारी १:३०

केलाय सर. सगळ्यांना नाही बोलावणार, शंका आली त्यांना, आणि शिवाय चिठ्ठ्या टाकून आठ जणांना. म्हणजे बोलावलं म्हणून चोर ठरवलं असं व्हायला नको.

टिचकी | बुधवार, दुपारी १:५०

आणि मॅडम, दरवर्षी तोच बाजार, तेच प्रश्न? फायली तुम्हीच पुरवताय की मग.

पाटीपेन्सिल | बुधवार, दुपारी २:०५

गप्प. या वर्षी बाजारकर आणि उधारीऐवजी भाजीपाला किती वाया जातो त्यावर करते.

पाटीपेन्सिल | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:१५

धागा वर काढतेय, काय झालं ते सांगायचं राहिलं.

ऑनलाइन फॉर्ममधल्या त्या रकान्यात मावतात ३०० अक्षरं. म्हणून तिथे 'परिशिष्ट पाहा' लिहिलं आणि दोन पानं जोडली. मीटिंगमध्ये एक जण म्हणाले, एवढं सविस्तर लिहिलं तर पोरं पळवाटा शोधतील. दुसऱ्या एका मॅडमनी मात्र बाहेर आल्यावर हळूच कॉपी मागितली. दिली. खाली माझं नाव लिहा म्हटलं.

पहिल्या तासाला वर्गात मोठ्याने वाचलं, वीस मिनिटं गेली. हळद लागलेल्या कागदांना हसले सगळे. मग एक मुलगा उठला, जो एरवी तोंड उघडत नाही, आणि म्हणाला, "मॅडम, एखाद्या आजींनी वाया किती जातं ते सांगायलाच नकार दिला तर तो माणूस भेटला धरायचा का नाही?"

याचं उत्तर दोन पानांत कुठेच नव्हतं. फॉर्मवर 'भेटले, उत्तर दिलं नाही' असा एक रकाना वाढवला, ६४ झेरॉक्स परत काढाव्या लागल्या. आज पहिली तुकडी बाजारात जाऊन आली, त्या रकान्यात २० पैकी सात खुणा आहेत.